हे तर शेड आहे!

आमच्या वाशिमकडे इमारतीची पारख वजनावर होते. ज्याच्या घराची भिंत जाड, तो माणूस भरवशाचा. ज्याचा स्लॅब सहा इंची, त्याच्या घरी मुलगी द्यायला हरकत नाही. चार इंची असेल तर जरा चौकशी करावी. यात आमचा तसा दोष नाही. भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी 1779 साली बांधून पूर्ण केलेलं बालाजीचं देऊळ बघत आम्ही लहानाचे मोठे झालो. दगडावर दगड, त्यावर आणखी दगड. अशा गावात बारीक पायांवर उभी असलेली, भिंतीचा पत्ता नसलेली एखादी वास्तू दाखवून ‘ही बघा थोर इमारत’ असं कोणी म्हणालं, तर गावकरी चष्मा कपाळावर चढवून एकच निकाल देतात, ‘बावा, हे तं शेड हाये!’

शेड म्हणजे इमारतींच्या पंगतीतला वाढपी. राबतो सगळ्यांत जास्त, पण त्याला पाटावर कोणी बसवत नाही. देवळाचा इतिहास लिहिला जातो, वाड्याचा फोटो दिवाळी अंकात येतो, आणि शेडचा उल्लेख फक्त वादळात पत्रे उडाल्यावर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येतो. म्हणून आज मी शेडची बाजू मांडणार आहे. आणि वकिली करायचीच तर अशिलांमधला सगळ्यात थोर अशील पुढे करावा, या न्यायानं सुरुवात थेट लंडनपासून करतो.

1851 साली लंडनच्या हाइड पार्कात जगातलं पहिलं मोठं आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरलं. त्याच्यासाठी इमारत हवी म्हणून एक समिती नेमली गेली. समितीनं नकाशे मागवले. 245 आले. समितीनं सगळे बघितले, सगळे नापसंत केले आणि शेवटी स्वतःच एक नकाशा काढला. (समित्या सगळीकडे सारख्याच असतात, हे वाचून मला फार बरं वाटलं.) समितीच्या नकाशात विटांचं एक अवाढव्य प्रकरण होतं आणि वर लोखंडाचा प्रचंड घुमट. लंडनचे लोक खवळले. सहा महिन्यांच्या प्रदर्शनासाठी आमच्या बागेत एवढ्या विटा?

तेवढ्यात जोसेफ पॅक्स्टन नावाचा माणूस पुढे आला. हा ना वास्तुविशारद, ना इंजिनियर. हा माळी! डेव्हनशायरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थमधल्या बागा सांभाळणारा. रेल्वे कंपनीच्या एका बैठकीत बसल्या बसल्या त्यानं टिपकागदावर एक चित्र खरडलं. बैठकीत टिपकागदावर चित्रं काढण्याची विद्या आपल्याकडेही पुष्कळांना येते. पण त्यातून इमारत उभी राहिल्याचं उदाहरण बहुधा हे एकच. चित्र जून 1850 चं आणि प्रदर्शनाचं उद्घाटन 1 मे 1851 ला. मधल्या अकरा महिन्यांत 1848 फूट लांब आणि 408 फूट रुंद असा काचेचा महाल उभा. लोकांनी त्याला नाव दिलं ‘क्रिस्टल पॅलेस’. आमच्याकडे अकरा महिन्यांत बांधकामाची परवानगी मिळाली तरी पेढे वाटतात.

आता नावात पॅलेस असला तरी त्यात राजवाड्याचं काही नव्हतं. ओतीव लोखंडाचे खांब, त्यांवर लोखंडाच्या जाळीदार तुळया, लाकडी पन्हाळी आणि जवळजवळ 3 लाख काचेची तावदानं. म्हणजे शेडच. पण कसली शेड! तिची खुबी अशी की सगळ्या इमारतीचं माप एका तावदानावरून निघालं. त्या काळी कारखान्यात सहज निघणारं मोठं तावदान 49 इंच लांब. त्या तावदानाच्या बेतानं छताच्या घड्या, छताच्या बेतानं तुळया आणि तुळयांच्या बेतानं दर 24 फुटांवर खांब. आपल्याकडे आधी घर बांधतात आणि मग कपाट दारातून आत जाईना म्हणून दार फोडतात. पॅक्स्टननं जणू आधी कपाट मोजलं आणि मग घर बांधलं. एकसारखे सुटे भाग कारखान्यात ओतायचे, रेल्वेनं आणायचे आणि जागेवर बोल्टनं जोडायचे. काच बसवणारे कारागीर पन्हाळीवरून धावणाऱ्या छोट्या गाड्यांत बसून काम करत. 80 माणसांनी एका आठवड्यात 18,000 च्या वर तावदानं बसवली. आमच्या खिडकीची एक काच बसवायला आलेला मिस्त्री माप घेऊन गेला, त्याला आता तिसरा आठवडा आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी मला सगळ्यात आवडते. एवढ्या मोठ्या छतावरचं पावसाचं पाणी जायचं कुठं? पॅक्स्टननं खांबच पोकळ ठेवले. छतावरचं पाणी पन्हाळीतून खांबात आणि खांबातून जमिनीखाली. पन्हाळीलाही तीन खाचा: वरची पावसासाठी, बाजूच्या दोन काचेच्या आतल्या अंगाला जमणाऱ्या दवासाठी. म्हणजे जो खांब भार उचलतो, तोच पाणीही वाहून नेतो. एका पगारात दोन कामं करणारा असा नोकर सरकारी खात्यातच काय, खाजगीतही मिळायचा नाही. खालच्या लाकडी फळ्यांत मुद्दाम फटी ठेवल्या होत्या, धूळ खाली पडावी म्हणून. ती झाडायला बायकांचे लांबलचक झगे होतेच. हाइड पार्कातली मोठी झाडं तोडायला लोकांचा विरोध होता, म्हणून छताला कमान देऊन ती आतच ठेवली. झाडांबरोबर चिमण्याही आत आल्या आणि राणीच्या प्रदर्शनातल्या मौल्यवान वस्तूंवर त्यांनी आपलं मत नोंदवायला सुरुवात केली. बंदुका चालवाव्यात तर तावदानं फुटणार! तेव्हा वृद्ध ड्यूक ऑफ वेलिंग्टननं ‘ससाणे सोडा’ असा सल्ला दिला, अशी एक गोष्ट सांगतात. साडेपाच महिन्यांत 60 लाखांवर लोक ती शेड बघून गेले.

पण मी इथे टीका करायला बसलो आहे. नुसतं कौतुक केलं तर ती सत्कार समिती होईल. या महालात एक मोठी खोट होती: ऊन. काचेतून उजेड आत येतो, आतल्या वस्तू तापतात; पण त्या तापलेल्या वस्तूंची ऊब काच सहजासहजी बाहेर सोडत नाही आणि कोंडलेली गरम हवाही वर निसटू शकत नाही. रोपांना हे मानवतं. माळीबुवांनी आयुष्यभर रोपांसाठी काचघरं बांधली होती. इथे मात्र कोट-टोपीतली माणसं आत होती. पॅक्स्टनला हे ठाऊक होतं. म्हणून त्यानं छतावर किंतानाचं आच्छादन घातलं आणि भिंतींत उघडझाप करणाऱ्या झडपा ठेवल्या. आणि ही सगळी खटपट कुठं? जिथं ऊन पडलं तर लोक एकमेकांचं अभिनंदन करतात, त्या लंडनमध्ये!

हा मुद्दा वाचकांनी खिशात जपून ठेवावा. पुढे लागणार आहे.

जॉन रस्किन हा त्या काळचा कलेचा मोठा पंडित. त्यानं या इमारतीला वास्तुकला म्हणायलाच नकार दिला. त्याच्या मते ते नुसतं मोठं काचघर होतं, झाडं ठेवायचं. म्हणजे सोप्या वऱ्हाडीत सांगायचं तर, ‘बावा, हे तं शेड हाये!’ रस्किन आणि आमचे गावकरी यांचं एकमत झालेला हा विषय दुर्मिळच म्हणायचा. पण शेड असण्याचा फायदा बघा. प्रदर्शन संपलं तेव्हा ही इमारत उकलून, गाडीत भरून सिडनहॅमला नेली आणि 1854 पर्यंत पुन्हा, आधीपेक्षा मोठी करून, उभी केली. दगडी महालाला हे जमलं नसतं. 30 नोव्हेंबर 1936 च्या रात्री मात्र ती जळाली. लोखंड आणि काच जळत नाहीत. पण फळ्या लाकडी होत्या, आणि एका रात्रीत सगळं वितळून गेलं.

या महालाचे नातेवाईक मुंबईत आहेत. एक सभ्य आणि एक उघडावाघडा.

सभ्य नातेवाईक म्हणजे भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. राणीच्या बागेत जाणारे बहुतेक लोक हत्ती बघायला जातात आणि संग्रहालयाकडे ‘येताना बघू’ म्हणून पाठ फिरवतात. येताना मुलं पेंगुळलेली असतात. आमची मंडळीही त्याच वाटेनं निघाली होती. मी आत शिरलो ते मुख्यतः सावलीसाठी. हे संग्रहालय 1851 च्या लंडनच्या आणि 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनांच्या धामधुमीतून जन्माला आलं. डॉ. भाऊ दाजी, नाना शंकरशेट, डॉ. जॉर्ज बर्डवूड अशा मंडळींनी त्यासाठी जिवाचं रान केलं. 1862 साली पायाभरणी आणि 1872 साली उद्घाटन. म्हणजे क्रिस्टल पॅलेसला अकरा महिने लागले, तर याला दहा वर्षं. मध्ये 1865 साली कापसाचा आणि शेअरचा फुगा फुटला आणि मुंबईचे भलेभले सावकार रस्त्यावर आले. हे वाचताना मी जरा सावरून बसलो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरला कापूस मिळेना, म्हणून मुंबईत जो पैसा वाहिला, तो काही मुंबईच्या समुद्रात पिकला नव्हता. आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीचाही त्यात वाटा होता. तेव्हा त्या खांबांकडे मी जरा भागीदाराच्या नजरेनंच बघितलं.

बाहेरून ही इमारत दगडी, तोलदार, युरोपी थाटाची. आमच्या गावकऱ्यांनाही मान्य होईल अशी. आत मात्र एकदम वेगळा कारभार. इंग्लंडहून ओतून आणलेले सडपातळ लोखंडी खांब, त्यांवर नक्षीदार कंस, वर सज्जा आणि त्याचे जाळीदार कठडे. रंग हिरवा आणि वर सोनेरी कलाकुसर. मध्ये प्रिन्स अल्बर्टचा पुतळा. ज्यानं लंडनच्या त्या प्रदर्शनाचा ध्यास घेतला, तोच हा. एवढ्या मोठ्या दालनाचा भार इतक्या बारीक खांबांवर कसा, याचा विचार करताना मला आमच्या जिल्ह्यातलं शिरपूर आठवलं. तिथली अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा आहे. भार आहे, पण तो दिसत नाही, यात माणसाला देवत्व दिसतं. लोखंडानं हीच जादू कारखान्यात करून दाखवली.

माझी तक्रार एवढीच, की या इमारतीला आपल्या लोखंडाची थोडी लाज वाटते. बाहेर दगडाचा कोट, आत लोखंडाचा देह. पण तिनं एक शहाणपण केलं, ज्यासाठी तिला शंभर गुन्हे माफ. तिनं लंडनकडून लोखंड घेतलं, पण काचेचं घर घेतलं नाही. उंच छत घेतलं, सावली घेतली. मुंबईचा मे महिना कोणीतरी आधी विचारात घेतला होता. 1975 साली या संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं आणि 2003 नंतर त्याची मोठ्या निगुतीनं डागडुजी झाली. आज तिथं शिरणारा माणूस आपोआप हळू बोलू लागतो.

उघडावाघडा नातेवाईक म्हणजे काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल. याचा नकाशा केला रोलंड ऑर्डिश यानं, ज्यानं क्रिस्टल पॅलेसच्या कामात हात काळे केले होते. 1860 च्या दशकात याचा सगळा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, जहाजानं आणला आणि मुंबईत जोडला. याला लाजबीज काही नाही. खांब, तुळया, सज्जे सगळं रस्त्यावर. 7 जुलै 1896 ला हिंदुस्थानातला पहिला सिनेमा इथंच दाखवला गेला. पुढे हॉटेल गेलं, एस्प्लनेड मॅन्शन नाव आलं, खोल्यांच्या खोल्या झाल्या, 2005 साली सज्ज्याचा एक भाग कोसळला, आणि पाडावी की सांभाळावी हा वाद सुरू झाला. ज्या इमारतीनं या देशाला सिनेमा दाखवला, ती स्वतः मात्र शेवटच्या रिळापर्यंत आली. दगडाची असती तर लोकांनी एवढी वाट बघितली असती का, असं मनात येतं.

आता मुंबईहून घरी येऊ. या खानदानातला तिसरा नातेवाईक गरीब आहे आणि तो आमच्याकडे राहतो. त्याचं नाव जिनिंगची शेड.

वऱ्हाडात कापूस पिकतो तिथं जिनिंग आलं. सरकी वेगळी, रुई वेगळी, रुईच्या गाठी आणि गाठी रेल्वेनं मुंबईला. आमच्या जिल्ह्यातल्या कारंज्यातून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेवर 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावत होतं. कापूस मँचेस्टरला आणि मँचेस्टरचं लोखंड कारंज्याला, असा तो सोयरिकीचा व्यवहार. आता ती गाडी धावत नाही.

आमच्या गावात अशाच एका बंद पडलेल्या जिनिंगची शेड आहे. लोखंडी खांब, लोखंडी कैच्या, वर पत्रे, आणि पत्र्यांमध्ये ठरावीक अंतरावर काचेच्या पट्ट्या. कापसाजवळ दिवा न्यायचा नाही, म्हणून उजेड वरून घ्यायचा. क्रिस्टल पॅलेसमध्येही दिवे नव्हते. दिवस मावळला की प्रदर्शन बंद. काच हवी तेवढीच, पट्टीएवढी. बाकी सावली. बाजू उघड्या, म्हणजे वारा हक्कानं येतो-जातो. खांबाच्या बुडाशी कारखान्याचं नाव ओतलेलं आहे, पण रंगाच्या थरांखाली बुजलेलं. आणि हे खांब पोकळ आहेत हो! पावसाळ्यात त्यांना कान लावला की आतून पाणी उतरताना ऐकू येतं. पॅक्स्टनची युक्ती, टिपकागदावरून निघून, आमच्या गावापर्यंत चालत आली आहे; आणि येताना तिनं काच कमी केली, सावली वाढवली. याला मी वास्तुकला म्हणतो. ज्या इमारतीला आपलं काम ठाऊक आहे आणि आपलं ऊन ठाऊक आहे, ती थोर. मग तिला भिंत असो वा नसो.

ही जागा आता माझ्या भाच्यानं आणखी दोघांच्या भागीत घेतली आहे. त्याला तिथं कॉम्प्लेक्स बांधायचं आहे. 1 जुलै 1998 ला वाशिम जिल्हा झाला, तेव्हापासून गावाला चेहरा हवा झाला, आणि हल्ली चेहरा म्हणजे काच. भाच्याच्या सध्याच्या दुकानालाही समोरून निळी काच आहे. क्रिस्टल पॅलेसची काच आतलं दाखवण्यासाठी होती. ही आतलं झाकण्यासाठी आहे. तिच्यात बघून आख्खं गाव भांग पाडतं. मागे वीट, मध्ये वीट, तोंडावर काच, आणि ती पश्चिमेला. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की दुपारी चारनंतर आतली रोपं छान वाढतील. दुर्दैवानं आत साड्या आहेत.

‘काच कायले लावली रे?’ मी विचारलं.

‘मामा, काच लावली का गिऱ्हाइकाले वाटते, आत एसी हाये.’

‘अन् एसी हाये का?’

‘हाये ना. काच लावल्यावर लावाच लागला.’

म्हणजे लंडनच्या माळ्यानं एकशे सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी किंतानाचा एक तुकडा टाकून जो प्रश्न मिटवला, तो आम्ही दर महिन्याला विजेचं बिल भरून जिवंत ठेवला आहे.

शेडचा विषय काढला तेव्हा भाच्यानं हिशेबच मांडला. भंगारवाला येऊन गेला आहे. खांब किलोवर मागतो. भाव बरा आहे. ‘मामा, हे तं शेड हाये! याच्यात काय पाहून राह्यले तुम्ही?’

मी त्याला खांबाला कान लावायला लावला. पाऊस नव्हता, त्यामुळे काहीच ऐकू आलं नाही. पण मी हटलो नाही. म्हटलं, ‘पाया नवा नको, खांब नवे नकोत, छत आहे, वारा आहे, उजेड आहे. खालीच गाळे काढ. भाड्याचे पैसे पहिल्या महिन्यापासून. अन् एसीचं बिल वाचेल ते वेगळं.’ थोरवी, इतिहास, पॅक्स्टन, अल्बर्ट हे सगळं मी बाजूला ठेवलं. भाचा धंदेवाला आहे. त्याला त्याच्या भाषेत सांगावं लागतं. आणि खरं सांगू का, पॅक्स्टनचीही भाषा तीच होती. त्याची शेड समितीनं घेतली ती तिचं सौंदर्य बघून नव्हे. ती विटांपेक्षा स्वस्त पडत होती आणि लवकर होत होती.

भाचा बराच वेळ वर बघत राहिला. काचेच्या पट्टीतून उन्हाचा एक पट्टा खाली आला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत आम्ही दोघंही घाम न पुसता उभे होतो. हे त्याच्या लक्षात आलं असावं.

‘बरं, भागीदारायले विचारतो,’ तो म्हणाला. ‘भंगारवाल्याले दिवाळीलोक थांबवतो. पन मामा, समोरून थोडी काच लावू द्या ना.’

मी पन्नास टक्के मान डोलावली आहे. उरलेली पन्नास टक्के काच कोणत्या दिशेला लावतो, ते बघून डोलावीन.